युद्धसामग्रीतून शिष्यवृत्ती

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा अमेरिकेचे सैन्य जगाच्या कानाकोपऱ्यांत पसरलेले होते. सैनिक मायदेशी परतू लागले. पण त्यांच्यासाठी आणलेले सामान जागच्या जागी राहिले. मालमोटारी, जीपगाड्या, तंबू, औषधे, डबाबंद अन्न, यंत्रांचे सुटे भाग यांनी कोठारे भरलेली होती. हे सारे परत न्यावे, तर वाहतुकीचाच खर्च डोईजड. जेथे आहे तेथेच विकावे, तर ते विकत घेण्याइतके डॉलर युद्धाने पोळलेल्या देशांजवळ नव्हते. त्यांच्याजवळ होते ते त्यांचे स्वतःचे चलन; आणि त्या चलनाचा अमेरिकेत काही उपयोग नव्हता. या अडचणीतून एक वाट अमेरिकेच्या एका नवख्या सिनेटरने शोधून काढली. त्याचे नाव जेम्स विल्यम फुलब्राइट. पुढे हे नाव एका माणसाचे न राहता एका शिष्यवृत्तीचे झाले. ते ज्यांनी ऐकले आहे, अशा पुष्कळांना त्या माणसाची फारशी ओळख नसते.

फुलब्राइट यांचा जन्म ९ एप्रिल १९०५ रोजी मिसूरी राज्यातील सम्नर या लहानशा गावी झाला. त्यानंतर लवकरच हे कुटुंब शेजारच्या आर्कान्सा राज्यातील फेएटव्हिल या गावी स्थायिक झाले. आर्कान्सा हे त्या काळी अमेरिकेतील गरीब आणि मागासलेल्या राज्यांपैकी एक होते. फुलब्राइट यांचे घर मात्र सधन होते. वडील जे फुलब्राइट यांनी शेतीपासून आरंभ करून बँक, लाकडाची वखार, शीतपेयांचा कारखाना, वृत्तपत्र असे अनेक व्यवसाय उभे केले होते. १९२३ साली त्यांचे अकस्मात निधन झाले. तेव्हा विल्यम अठरा वर्षांचे होते आणि गावातल्याच विद्यापीठात शिकत होते. सहा मुलांची जबाबदारी आणि विखुरलेला व्यवसाय आई रॉबर्टा यांच्यावर येऊन पडला. स्त्रीने पेढीवर बसावे ही गोष्ट तेव्हा त्या गावाला नवी होती. रॉबर्टाबाईंनी ती निभावून नेली. एवढेच नव्हे, तर आपल्या वृत्तपत्रातून त्या स्वतः नियमित लिहू लागल्या आणि राजकारण्यांची भीडमुर्वत न ठेवता टीका करू लागल्या. आईची ही लेखणी मुलाच्या आयुष्याला पुढे दोनदा वळण देणार होती.

विल्यम अभ्यासात चांगले होते आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील नावाजलेले खेळाडूही होते. १९२५ साली त्यांना ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली आणि ते इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पेम्ब्रोक महाविद्यालयात दाखल झाले. तोपर्यंत त्यांनी न्यूयॉर्कसुद्धा पाहिलेले नव्हते. गावच्या पोराला एकाएकी जगाच्या एका विद्यापीठनगरीत नेऊन सोडावे, तसा हा प्रकार होता. तेथे त्यांनी तीन वर्षे आधुनिक इतिहासाचा अभ्यास केला. त्यांचे शिक्षक रोनाल्ड मॅकॅलम हे राष्ट्रसंघाच्या कल्पनेचे पुरस्कर्ते होते. राष्ट्रांनी आपसांतले तंटे रणांगणावर न सोडवता एकत्र बसून सोडवावेत, हा विचार फुलब्राइट यांच्या मनात तेथे रुजला. गुरुशिष्यांचा हा स्नेह पुढे अनेक वर्षे टिकला. ऑक्सफर्डनंतर ते काही काळ व्हिएन्ना येथे राहिले. मार्सेल फोडोर या अनुभवी पत्रकाराबरोबर ते बाल्कन देशांत हिंडले आणि राजकारण जवळून पाहू लागले.

ऱ्होड्स शिष्यवृत्तीचे ऋण त्यांनी जन्मभर मानले. तरीही त्या शिष्यवृत्तीतील एक उणीव ध्यानात घेण्याजोगी आहे. हिऱ्यांच्या खाणींतून अमाप संपत्ती मिळवणाऱ्या सेसिल ऱ्होड्स या साम्राज्यवादी उद्योगपतीच्या मृत्युपत्रातून ती निर्माण झाली होती आणि तिची वाट एकेरी होती. बाहेरच्या देशांतील तरुणांनी ऑक्सफर्डला यावे, इंग्रजांचे संस्कार घ्यावेत आणि परत जावे. इंग्लंडमधील कोणी शिकण्यासाठी बाहेर जावे, अशी तरतूद तीत नव्हती. फुलब्राइट यांनी पुढे जी योजना मांडली, तिची वाट दुहेरी होती. उसनी घेतलेली कल्पना त्यांनी अशी सुधारून घेतली.

मायदेशी परतल्यावर १९३२ साली त्यांचा विवाह एलिझाबेथ विल्यम्स यांच्याशी झाला. वॉशिंग्टन येथे त्यांनी कायद्याची पदवी घेतली, काही काळ सरकारी वकिली केली आणि मग फेएटव्हिलला येऊन ते विद्यापीठात कायदा शिकवू लागले. १९३९ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते आर्कान्सा विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. एवढ्या लहान वयाचा विद्यापीठाध्यक्ष तेव्हा देशात दुसरा नव्हता. पण हे पद दोनच वर्षे टिकले. राज्याच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत रॉबर्टाबाईंच्या वृत्तपत्राने होमर ॲडकिन्स यांना विरोध केला होता. ॲडकिन्स निवडून आले आणि १९४१ साली त्यांच्या मर्जीतल्या नियामक मंडळाने फुलब्राइट यांना पदावरून दूर केले. आईच्या लेखणीची किंमत मुलाला मोजावी लागली. हा धक्का मात्र इष्टापत्ती ठरला. पुढच्याच वर्षी फुलब्राइट अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले आणि १९४४ साली सिनेटच्या उमेदवारीसाठी त्यांनी ज्यांचा पराभव केला, ते होते होमर ॲडकिन्स.

प्रतिनिधिगृहात नवे असतानाच १९४३ साली त्यांनी एक छोटा ठराव मांडला. युद्धानंतर शांतता राखण्यासाठी जी आंतरराष्ट्रीय यंत्रणा उभी राहील, तीत अमेरिकेने सामील व्हावे, असा त्याचा आशय होता. तो ३६० विरुद्ध २९ मतांनी संमत झाला. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिका राष्ट्रसंघापासून दूर राहिली होती. ती चूक पुन्हा होऊ नये, म्हणून टाकलेले हे पाऊल होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेला अमेरिकेत अनुकूल वातावरण निर्माण करण्यात या ठरावाचा वाटा आहे.

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबाँब पडले. यापुढे युद्ध झाले तर त्यात कोणीही उरणार नाही, हे त्या घटनेने उघड केले. फुलब्राइट यांना वाटू लागले की, करारमदार पुरेसे नाहीत. एका देशातील माणसांनी दुसऱ्या देशात जाऊन राहिले पाहिजे, तेथे शिकले-शिकवले पाहिजे. विचार उदात्त होता, पण त्याला पैसा कोठून आणायचा? युद्धाने थकलेल्या करदात्यांकडून परदेशी विद्यार्थ्यांसाठी निधी मागणे म्हणजे विधेयक बुडवणेच होते. येथे फुलब्राइट यांच्यातील धोरणी वकील कामाला आला.

त्यांच्यासमोर एक जुने उदाहरणही होते. चीनमधील बॉक्सर बंडानंतर अमेरिकेला मिळालेल्या नुकसानभरपाईचा काही भाग १९०८ साली चीनला परत देण्याचे ठरले आणि त्या पैशांतून चिनी विद्यार्थी अमेरिकेत शिकू लागले. त्याच धर्तीवर फुलब्राइट यांनी सुचवले की, परदेशांत पडून असलेली युद्धसामग्री त्या त्या देशांना त्यांच्याच चलनात विकावी आणि ते चलन त्याच देशांत शिक्षणाच्या देवाणघेवाणीवर खर्च करावे. डॉलर तर एरवीही मिळणार नव्हते. सरकारी तिजोरीला तोशीस नाही, नवा कर नाही, आणि सामान कुजण्याऐवजी कारणी लागते.

२७ सप्टेंबर १९४५ रोजी त्यांनी सिनेटमध्ये हे विधेयक मांडले. शिलकी मालमत्तेच्या विक्रीसंबंधी १९४४ साली झालेल्या कायद्यात एक दुरुस्ती, एवढेच त्याचे बाह्य रूप होते. असल्या रुक्ष विषयावर भाषणे करण्याचा उत्साह कोणाला असणार? फुलब्राइट यांनीही गाजावाजा केला नाही. एप्रिल १९४६ मध्ये सिनेटने चर्चेशिवाय ते संमत केले. एका ज्येष्ठ सिनेटरने पुढे त्यांना बोलून दाखवले की, विधेयकाचा अर्थ वेळीच ध्यानात आला असता तर आपण ते हाणून पाडले असते. तरुण मुलांना परक्या देशांत पाठवून परक्या विचारांच्या संसर्गात ढकलणे त्यांना धोक्याचे वाटत होते. १ ऑगस्ट १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सही केली आणि विधेयकाचा कायदा झाला.

कायद्यातील तपशील काळजीपूर्वक बेतलेले होते. एका देशात एका वर्षी दहा लाख डॉलरच्या किमतीहून अधिक खर्च करता येणार नव्हता. निवडीचा अंतिम अधिकार मंत्र्यांकडे वा सिनेटरांकडे न देता शिक्षणक्षेत्रातील दहा जणांच्या मंडळाकडे दिला होता. शिफारशीचा सुळसुळाट होऊ नये, गुणवत्तेवरच निवड व्हावी, हा त्यामागचा हेतू. प्रत्येक देशाशी स्वतंत्र करार करून तेथे दोन्ही देशांच्या सदस्यांचे मंडळ नेमायचे होते.

एक अडचण मात्र राहिलीच. रुपया किंवा फ्रँक त्याच्या देशातच चालणार. त्यामुळे अमेरिकेतून बाहेर येणाऱ्या अभ्यासकाचा निवासखर्च त्यातून भागे. पण बाहेरून अमेरिकेत जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातून केवळ प्रवासखर्च देता येई. अमेरिकेतले शुल्क, खोलीभाडे आणि जेवण यांसाठी डॉलर लागत. ते तेथील विद्यापीठांनी, धर्मादाय संस्थांनी आणि १९४८ च्या आणखी एका कायद्याने पुरवले. १९६१ साली फुलब्राइट-हेज कायदा झाला, तेव्हा या सगळ्या तुटक तरतुदी एकत्र आल्या आणि इतर देशांच्या सरकारांनाही खर्चाचा वाटा उचलण्याची मुभा मिळाली.

पहिला करार नोव्हेंबर १९४७ मध्ये चीनशी झाला. १९४९ साली तेथे क्रांती झाली आणि योजना बंद पडली. ती तीस वर्षांनी, १९७९ साली, पुन्हा सुरू झाली. भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतर अवघ्या आठवड्याभरात. त्यावर पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांनी सह्या केल्या. दिल्लीत या कामासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले.

भारत आणि अमेरिका यांच्यातील या देवाणघेवाणीचा हिशेब मोठा मनोरंजक आहे. जुन्या युद्धसामग्रीच्या पाठोपाठ धान्यही विद्येच्या कामी आले. १९५१ साली भारतात अन्नटंचाई असताना अमेरिकेने धान्यखरेदीसाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्यावरील व्याजापैकी ५० लाख डॉलरपर्यंतची रक्कम शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी राखून ठेवण्यात आली. पुढे भारताने रुपये देऊन अमेरिकेचा गहू घेतला, त्या रुपयांपैकी काही भाग भारतात संशोधन करणाऱ्या अमेरिकी अभ्यासकांसाठी आणि भारतीय भाषांतील ग्रंथखरेदीसाठी वापरला गेला. अमेरिकेतील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मराठी पुस्तकांची कपाटे उभी राहिली, ती बरीचशी या गव्हाच्या पैशांवर. भारतविद्येच्या अभ्यासासाठी १९६१ साली स्थापन झालेल्या अमेरिकी संस्थेचे काम आरंभी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून चाले.

याच डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकलेले ए. के. रामानुजन १९५९ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर इंडियाना विद्यापीठात गेले. पुढे शिकागो विद्यापीठात राहून त्यांनी तमिळ आणि कन्नड कविता इंग्रजीत आणली. माथेरानला जन्मलेले नाटककार गिरीश कार्नाड १९८७-८८ मध्ये याच योजनेखाली शिकागोला होते. तरुणपणी फुलब्राइट यांच्याप्रमाणेच तेही ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकले होते. बांगलादेशाचे मुहम्मद युनूस १९६५ साली या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत अर्थशास्त्र शिकण्यास गेले आणि परत येऊन त्यांनी गरीब स्त्रियांना लहान कर्जे देणारी बँक उभी केली.

योजना वाढत होती, तसे फुलब्राइट यांचे राजकारणातील वजनही वाढत होते. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अनेकांना छळायला सुरुवात केली. शिष्यवृत्तीची योजनाही त्यांच्या तडाख्यात सापडू पाहत होती. भल्याभल्यांनी मौन पत्करले. १९५४ साली मॅकार्थी यांच्या समितीला पैसे देण्याचा प्रस्ताव सिनेटपुढे आला, तेव्हा त्याविरुद्ध एकच मत पडले, ते फुलब्राइट यांचे.

इतके धैर्य दाखवणारा हा माणूस एका प्रश्नावर मात्र कच खात राहिला. आर्कान्सात आणि दक्षिणेकडील इतर राज्यांत काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश नव्हता. अशा वेगळ्या शाळा बेकायदा आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. त्याचा निषेध करणाऱ्या १९५६ च्या जाहीरनाम्यावर फुलब्राइट यांनी सही केली. १९५७ साली त्यांच्याच राज्यातील लिटल रॉक येथे नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचवण्यासाठी सैन्य पाठवावे लागले. त्या वादात त्यांनी गव्हर्नरांविरुद्ध तोंड उघडले नाही. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५ चा मतदानहक्काचा कायदा, दोहोंच्या विरोधात त्यांनी मत दिले. आर्कान्सातील गोरे मतदार दुखावले तर सिनेटमधील जागा जाईल, हे त्यामागील उघड कारण होते. त्यांचे चाहते हेच कारण समर्थनासाठी पुढे करतात. पण जगातल्या मुलांनी एकमेकांच्या देशांत जाऊन शिकावे म्हणून झटणाऱ्या माणसाने, आपल्याच गावची मुले एका वर्गात बसू नयेत म्हणणाऱ्यांची साथ द्यावी, ही विसंगती मतांच्या हिशेबाने पुसली जात नाही. विशेष म्हणजे त्यांच्या योजनेत असा भेद नव्हता. निवड मंडळाच्या पहिल्या सदस्यांत चार्ल्स जॉन्सन हे कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ होते आणि साठीच्या दशकात जॉन होप फ्रँकलिन हे कृष्णवर्णीय इतिहासकार त्या मंडळाचे अध्यक्ष झाले. योजना तिच्या जनकाच्या पुढे गेली होती.

या भूमिकेची किंमत त्यांना वेगळ्या प्रकारे चुकवावी लागली. १९६० साली राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेले केनेडी त्यांना परराष्ट्रमंत्री करू इच्छित होते. पण आशिया-आफ्रिकेतील नवस्वतंत्र देशांपुढे वर्णभेदाचा समर्थक कसा पाठवायचा, या विचाराने ते नाव मागे पडले.

सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्षपद मात्र १९५९ पासून १९७४ पर्यंत त्यांच्याकडे होते. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनाममध्ये बळाचा वापर करण्याची मोकळीक राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना देणारा ठराव फुलब्राइट यांनीच सिनेटमध्ये पार पाडला. विरोधात दोनच मते होती. जॉन्सन त्यांचे जुने मित्र. सरकारने दिलेली माहिती अपुरी आणि दिशाभूल करणारी होती, हे कळून आल्यावर या कृतीचा त्यांना जन्मभर पश्चात्ताप झाला. तो त्यांनी मनात ठेवला नाही. १९६६ च्या आरंभी त्यांनी आपल्या समितीपुढे मंत्री आणि सेनानींना बोलावून युद्धाविषयी जाहीर प्रश्न विचारले. दूरचित्रवाणीवर लाखो लोकांनी हे पाहिले. युद्धाला विरोध करणे म्हणजे देशद्रोह नव्हे, हे सामान्य अमेरिकी माणसाला या सुनावण्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी बलाढ्य राष्ट्राच्या अहंकाराची चिकित्सा करणारे त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. जॉन्सन यांच्याशी असलेली मैत्री तुटली. युद्धाचा खर्च वाढत गेला आणि साठीच्या दशकाच्या अखेरीस शिष्यवृत्त्यांच्या निधीत मोठी कपात झाली.

१९७४ साली पक्षांतर्गत निवडणुकीत डेल बंपर्स यांनी त्यांचा पराभव केला. तीस वर्षे सिनेटमध्ये काढलेल्या फुलब्राइट यांना जगाचे भान होते, पण गावाकडे त्यांचे लक्ष नाही, अशी मतदारांची भावना झाली होती. त्यानंतर ते वॉशिंग्टनमध्येच राहिले. १९८५ साली एलिझाबेथ यांचे निधन झाले. १९९० मध्ये त्यांनी हॅरिएट मेयर यांच्याशी विवाह केला. विद्यार्थिदशेत त्यांच्या कार्यालयात काम केलेले बिल क्लिंटन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्याच हस्ते १९९३ साली फुलब्राइट यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांचे निधन झाले.

फेएटव्हिलच्या ज्या विद्यापीठातून त्यांना काढून टाकले होते, तेथे २००२ साली त्यांचा पुतळा बसवण्यात आला. २०२० मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तो हलवण्याची मागणी केली. ज्या काळात तो सिनेटमध्ये काळ्यांच्या हक्कांविरुद्ध मत देत होता, त्या काळाचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. विद्यापीठात मोठी चर्चा झाली. शेवटी २०२१ साली नियामक मंडळाने पुतळा आणि नाव दोन्ही ठेवण्याचे ठरवले.

भारतातील योजनेचे स्वरूप २००८ साली बदलले. नव्या करारानुसार भारत सरकारने खर्चाचा बरोबरीचा वाटा उचलायला सुरुवात केली आणि शिष्यवृत्त्यांची संख्या वाढली. १९५० मध्ये जुन्या सामानाच्या रुपयांवर सुरू झालेल्या या योजनेत आता दोन्ही देशांच्या तिजोऱ्यांतून पैसा येऊ लागला. प्रतिष्ठानाच्या नावात अमेरिकेच्या बरोबरीने भारताचे नाव आले, आणि शिष्यवृत्तीच्या नावात फुलब्राइट यांच्या शेजारी नेहरूंचे.